अंगावरचा कॅमेरा आणि सरकारी अनुदान

तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र

'संघराज्य आणि सशर्त अनुदान' हा घटक शिकवून झाल्यावर सरांनी आम्हां प्रत्येकाला एकेक उदाहरण शोधून त्यावर चर्चासत्रात निबंध वाचायला सांगितला. कुणी रस्ते घेतले, कुणी शाळेतले मध्यान्ह भोजन, कुणी पाणीपुरवठा. माझ्या वाट्याला आला अमेरिकेतील पोलिसांच्या आणि तुरुंग रक्षकांच्या अंगावर लावण्याचा कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्यासाठी तेथील सरकारने दिलेला पैसा. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. मलाही तो प्रथम रूक्षच वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

घरी मात्र या विषयाला वेगळा श्रोता मिळाला. माझे वडील कारागृह विभागात अठ्ठावीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "कॅमेरा केव्हाही बरा. बंदी खोटी तक्रार करतो तेव्हा शिपायाच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं." आणि थोडे थांबून म्हणाले, "पण बटण कुणाच्या हातात, तेवढं बघ." त्यावेळी मी ते फारसे मनावर घेतले नाही. माझा विषय अनुदानाचा होता, बटणाचा नव्हता. पुढे वाचत गेले तसे लक्षात आले की हे दोन विषय वेगळे नाहीत.

प्रथम या वस्तूची ओळख करून घेऊ. कॅमेरा साधारण काडेपेटीहून थोडा मोठा असतो आणि गणवेशावर छातीशी अडकवलेला असतो. पाळी सुरू होताना तो चालू करतात. पण चालू असणे आणि चित्रण जपून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता चालू असलेला कॅमेरा समोरचे दृश्य टिपत राहतो आणि जुने पुसत राहतो. अंगावर बाळगणाऱ्याने बटण दाबले की तेथपासूनचे चित्रण आवाजासह कायम होते, आणि बटण दाबण्यापूर्वीचा थोडा भाग, बहुधा अर्ध्या मिनिटाचा, आवाजाविना त्याला आपोआप जोडला जातो. पाळी संपली की कॅमेरा ठाण्यातल्या खोबणीत बसवायचा. तेथून सारे चित्रण साठवणीच्या यंत्रणेत जाते.

या 'आधीच्या अर्ध्या मिनिटा'ने बाल्टिमोर शहरात मोठी गंमत केली. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. जानेवारी २०१७ मध्ये तेथील एका पोलिसाने कचऱ्यात अमली पदार्थाची पुडी सापडल्याचे चित्रण केले. बटण दाबण्यापूर्वीचे अर्धे मिनिट आपल्या नकळत जपले जाते हे त्याच्या ध्यानात नसावे. त्या मूक अर्ध्या मिनिटात तोच पोलीस ती पुडी कचऱ्यात ठेवताना दिसत होता. आधी खरोखर सापडलेली पुडी आपण केवळ चित्रणासाठी पुन्हा ठेवली, असा बचाव त्याने केला. तो टिकला नाही. खोटा पुरावा तयार केल्याबद्दल नोव्हेंबर २०१८ मध्ये तो दोषी ठरला. आणि हे चित्रण बाहेर आणले कोणी? वरिष्ठांनी नव्हे. आरोपींच्या बाजूने काम करणाऱ्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ते जुलै २०१७ मध्ये उजेडात आणले.

हे कॅमेरे अमेरिकेने शोधून काढले असे नाही. इंग्लंडात प्लिमथ येथे २००५-०६ च्या सुमारास पोलिसांनी ते वापरून पाहिले होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील रियाल्टो या लहान शहरात २०१२-१३ मध्ये एक प्रयोग झाला. ५४ पोलिसांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून काही पाळ्यांना कॅमेरा दिला, काहींना दिला नाही. आदल्या वर्षाच्या मानाने बळाचा वापर सुमारे ६० टक्क्यांनी आणि नागरिकांच्या तक्रारी सुमारे ८८ टक्क्यांनी कमी झाल्या. हे आकडे पुढे जिकडे तिकडे सांगितले गेले. शहर लहान होते, तक्रारी मुळातच थोड्या होत्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

मग ९ ऑगस्ट २०१४ चा दिवस आला. मिसूरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळ्यांनी मरण पावला. त्या प्रसंगाचे चित्रण कोणाकडेच नव्हते. त्याने हात वर केले होते की तो पोलिसावर धावून गेला होता, यावर साक्षीदारांत मतभेद. २४ नोव्हेंबरला तेथील ग्रँड ज्युरीने पोलिसावर खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला आणि शहर पेटले. आठवडाभरातच, १ डिसेंबर २०१४ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी २६ कोटी ३० लाख डॉलरची तीन वर्षांची योजना मांडली. त्यांपैकी साडेसात कोटी डॉलर अंगावरच्या कॅमेऱ्यांसाठी होते, आणि त्यातून पन्नास हजार कॅमेरे घेता येतील असा हिशेब होता.

येथे आमच्या अभ्यासक्रमातला प्रश्न उभा राहतो. राष्ट्राध्यक्षांनी पैसा का देऊ केला? हुकूम का काढला नाही? कारण हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नाही. अमेरिकेत पोलीस हा राज्यांचा व त्यांच्या खालच्या शहरांचा, परगण्यांचा विषय आहे. लहानमोठी मिळून सुमारे अठरा हजार पोलीस दले तेथे आहेत. केंद्राने स्थानिक अधिकाऱ्यांना कामाला जुंपू नये, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सांगितले आहे. पण पैसा देताना केंद्राला अट घालता येते. १९८४ मध्ये काँग्रेसने कायदा केला की जे राज्य दारू विकत घेण्याचे वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग निधीतला काही भाग कापला जाईल. १९८७ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. आपल्याकडेही सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत पोलीस हा विषय दुसऱ्या आणि तुरुंग चौथ्या क्रमांकावर आहे, आणि आधुनिकीकरणाच्या नावाने केंद्राचा पैसा राज्यांच्या पोलिसांकडे येतच असतो. तेव्हा ही पद्धत आपल्याला परकी नाही.

अमेरिकेत हे काम न्याय खात्यातील ब्यूरो ऑफ जस्टिस असिस्टन्स या कार्यालयाकडे आले. सप्टेंबर २०१५ मध्ये पहिला हप्ता जाहीर झाला : ३२ राज्यांतील ७३ दले, २ कोटी ३२ लाख डॉलर. त्यांपैकी १ कोटी ९३ लाख प्रत्यक्ष कॅमेऱ्यांच्या कार्यक्रमासाठी आणि बाकीचे प्रशिक्षण, साहाय्य व परिणामांच्या अभ्यासासाठी होते. जितके केंद्राचे तितकेच स्थानिक दलाने घालायचे, अशी निम्म्या हिश्शाची अट होती.

अटींपैकी एक मला फार चांगली वाटली. मंजूर रकमेचा दहावा भाग तेवढा सुरुवातीला हाती मिळे. उरलेले नव्वद टक्के, दलाने आपले लेखी धोरण तयार करून ते तपासणी तक्त्यावर उतरेपर्यंत, अडकवून ठेवलेले असत. कॅमेरा केव्हा चालू करायचा, केव्हा बंद ठेवायचा, चित्रण किती दिवस ठेवायचे, ते कोण पाहणार, घटनेचा अहवाल लिहिण्यापूर्वी पोलिसाने ते पाहावे की नाही, या प्रत्येक प्रश्नाचा विचार दलाने केलेला असला पाहिजे. वस्तू आधी आणि नियम मागाहून, अशी सरकारी कामाची रीत आपण पाहतो. येथे नियम आधी मागितले. पण ह्या तक्त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रश्नाचे उत्तर लिहिले आहे का, एवढे तो पाही; उत्तर अमुकच असले पाहिजे असे बहुतेक बाबतींत तो सांगत नसे. 'पोलिसाने चित्रण आधी पाहावे' असे लिहिणारे दलही पास, आणि 'पाहू नये' असे लिहिणारेही पास. संघराज्याच्या मर्यादेत याहून अधिक जमले नसते असे सर म्हणतात. मला वाटते, थोडे अधिक जमले असते.

दुसरी अट मात्र माझ्या मते या सगळ्या योजनेचे वर्म आहे. अनुदानातून कॅमेरा घेता येईल, पण चित्रण साठवण्याचा खर्च अनुदानातून करता येणार नाही. तो दीर्घकाळचा भार स्थानिक दलाने सोसायचा, असे २०१५ च्या त्या पहिल्या वाटपाच्या वेळीच न्याय खात्याने स्पष्ट केले होते.

वाचकांना हे क्षुल्लक वाटेल. मला वाटले नाही, कारण आमच्या गावच्या शाळेत मी ते पाहिले आहे. एका वर्षी अनुदानातून शाळेला संगणक आले. उद्‌घाटन झाले, नारळ फुटला, छायाचित्र निघाले. विजेचे बिल कोणत्या खात्यातून भरायचे हे कोणत्याच कागदावर नव्हते. दोन महिन्यांनी त्या खोलीला कुलूप लागले आणि संगणकांवर गुरुजींनी फडकी घातली. चोरी होऊ नये म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी. आम्ही खिडकीतून संगणक पाहत असू.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. कॅमेरा एकदा घ्यायचा. चित्रण रोज साठते. शंभर पोलीस रोज काही तास चित्रण करतात, ते महिनोन्‌महिने ठेवायचे, त्यातले हवे तेव्हा हवे ते सापडले पाहिजे, न्यायालयात देताना मध्ये कोणी हात घातला नाही याची खात्री पाहिजे, आणि बाहेर देण्यापूर्वी त्यातल्या लहान मुलांचे, पीडितांचे चेहरे झाकले पाहिजेत. या प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो आणि पैसा लागतो.

व्यापाऱ्यांच्या हे सरकारच्या आधी ध्यानात आले. विजेचा झटका देणारी 'टेझर' पिस्तुले बनवणारी ॲरिझोना राज्यातील कंपनी एप्रिल २०१७ मध्ये आपले नाव बदलून 'ॲक्सॉन' झाली, आणि त्याच दिवशी तिने देशातील प्रत्येक पोलीस दलाला वर्षभर कॅमेरे फुकट देऊ केले. साठवणही वर्षभर फुकट. वर्षानंतर काय, हे सांगायला नको. दाढीचे यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पाती विकायची, हा धंदा जुनाच आहे. एका दलाचे लाखो तासांचे चित्रण एकदा त्या कंपनीच्या साठवणीत गेले की ते उचलून दुसरीकडे नेणे सोपे नसते. सरकारी अनुदानाने ज्या खर्चाकडे पाठ फिरवली होती, त्याच खर्चावर कंपनीने आपले दुकान मांडले.

कागदावरची गोष्ट प्रत्यक्षात कशी उतरली ते इंडियाना राज्यात पाहावे. तेथील विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा केला की स्थानिक दलांनी चित्रण किमान १९० दिवस ठेवले पाहिजे. हेतू चांगला होता : तक्रार करायला नागरिकाला वेळ मिळावा. पण पैसा कायद्याबरोबर आला नाही. ओहायो नदीकाठच्या क्लार्क्सव्हिल आणि जेफरसनव्हिल या दोन शेजारी गावांच्या पोलिसांनी साठवणीचा खर्च पाहून त्याच वर्षी कॅमेरेच बाजूला ठेवले. नागरिकाच्या हक्कासाठी केलेल्या तरतुदीने नागरिकाचा साक्षीदारच गेला.

दक्षिण कॅरोलिना राज्याची तऱ्हा आणखी निराळी. तेथे ४ एप्रिल २०१५ रोजी नॉर्थ चार्ल्सटन शहरात वॉल्टर स्कॉट हा माणूस पाठमोरा पळत असताना पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कामावर निघालेल्या एका वाटसरूने ते आपल्या फोनवर टिपले, म्हणून जगाला कळले. दोनच महिन्यांत, जून २०१५ मध्ये, अंगावरचे कॅमेरे राज्यभर सक्तीचे करणारा कायदा झाला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य म्हणून त्याचे कौतुक झाले. पण त्याच कायद्यात लिहिले होते की ज्या दलाला पूर्ण निधी मिळालेला नाही त्याच्यावर सक्ती नाही. शिवाय हे चित्रण माहितीच्या कायद्याखाली मागता येणार नाही. म्हणजे सक्ती आहे, पण पैसा आल्यावर. चित्रण आहे, पण लोकांना पाहण्यासाठी नाही.

आपल्याकडचा संबंध येथे थोडक्यात सांगते. परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजित सिंह या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. तशी यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली येऊ नये. इंडियानाच्या १९० दिवसांशी हे ताडून पाहावे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतले कॅमेरे चालू नसल्याच्या बातमीवरून, त्याच न्यायालयाला हा विषय आपणहून पुन्हा हाती घ्यावा लागला. ते कॅमेरे भिंतीवरचे आहेत, अंगावरचे नाहीत; पण बसवण्याचा पैसा आणि चालवण्याचा पैसा यांतली दरी तीच.

चित्रण साठवले असे धरून चालू. ते पाहायचे कोणी? उत्तर कॅरोलिनाने २०१६ मध्ये कायदाच केला की पोलिसांचे चित्रण हे सार्वजनिक दफ्तर नाही आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते प्रसिद्ध करता येणार नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी त्या राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे अँड्र्यू ब्राऊन हा मनुष्य पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्याच्या घरच्यांना पाच दिवसांनी चित्रण दाखवले, तेही वीस सेकंदांचे, असे त्यांच्या वकिलांनी सांगितले. वृत्तपत्रांनी मागणी केली ती न्यायाधीशांनी त्यावेळी फेटाळली. एका बापाच्या मृत्यूचे चित्रण सरकारी कपाटात आहे, आणि मुलाला त्यातली वीस सेकंदे!

शिकागोचे उदाहरण मोटारीतल्या कॅमेऱ्याचे आहे, पण ते सोडवत नाही. लक्वान मॅक्डोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला २० ऑक्टोबर २०१४ रोजी सोळा गोळ्या लागल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला असे प्रथम सांगण्यात आले. चित्रणात तो दूर जाताना दिसत होता. हे चित्रण तेरा महिने बाहेर आले नाही. दरम्यान नगरपालिकेने त्याच्या घरच्यांना पन्नास लाख डॉलर देऊन टाकले. न्यायालयाच्या आदेशावरून २४ नोव्हेंबर २०१५ ला ते प्रसिद्ध झाले आणि त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला. २०१८ मध्ये तो दोषी ठरला.

आणि २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉईड यांच्या मानेवर गुडघा ठेवला गेला तेव्हा तेथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते आणि ते चालू होते. तरीही पोलिसांच्या पहिल्या पत्रकात त्यांची प्रकृती बिघडली एवढेच होते. खरे काय ते जगाला कळले रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनमुळे. पोलिसांच्या कॅमेऱ्यातील चित्रण लोकांसमोर यायला ऑगस्ट उजाडला.

तेव्हा हे कॅमेरे उपयोगी आहेत की नाहीत? अभ्यासकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१६ पर्यंत अमेरिकेतील जवळजवळ निम्म्या (४७ टक्के) दलांनी, आणि मोठ्या दलांपैकी ८० टक्के दलांनी कॅमेरे घेतले होते, म्हणजे पुराव्याच्या आधी खरेदी झाली होती. २०१७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल आला. बळाचा वापर असो की तक्रारी असोत, कॅमेरा असलेल्यांत आणि नसलेल्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. रियाल्टोच्या ५४ माणसांवरून देश निघाला होता आणि या दोन हजारांपाशी येऊन थबकला. २०२० मध्ये तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तक्रारी कमी होतात असे दिसले, पण बळाच्या वापरावर सातत्याने परिणाम होतो असे दिसले नाही.

चर्चासत्रात यावर बराच वाद झाला. एका मित्राने म्हटले, मग हा पैसा वायाच गेला. मला तसे वाटत नाही. आपण कॅमेऱ्याकडून शिक्षकाचे काम मागतो आणि तो तर केवळ साक्षीदार आहे. साक्षीदार असला म्हणून मारणारा थांबेलच असे नाही. पण साक्षीदाराला साक्ष देऊ देणे किंवा न देणे हे सरकारच्या हातात आहे, आणि अनुदानाच्या अटींनी तेथेच आग्रह धरायला हवा होता. किती कॅमेरे वाटले यापेक्षा चित्रण किती दिवस जपले, किती जणांना दाखवले, बटण न दाबणाऱ्या किती जणांना जाब विचारला, याचा हिशेब मागायला हवा होता.

केंद्राने स्वतःच्या पोलिसांबाबत तरी काय केले? तेथे तर राज्यांच्या हक्कांची अडचण नव्हती. जून २०२१ पर्यंत न्याय खात्याच्या स्वतःच्या अंमलदारांना नियोजित अटका व झडत्या यांच्या वेळी असे कॅमेरे वापरण्याची सक्ती नव्हती. दुसऱ्यांना सहा वर्षे पैसे वाटून झाल्यावर ती आली. मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सर्वच केंद्रीय पोलीस यंत्रणांसाठी आदेश काढला. २० जानेवारी २०२५ रोजी, कारभार हाती घेतल्याच्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला. आदेशाने आलेली गोष्ट आदेशाने गेली. असो.

आता तुरुंगांकडे वळते. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण पोलिसांपाशी थांबतात. पण अनुदानाच्या या कार्यक्रमात पुढील वर्षांत तुरुंग यंत्रणांनाही स्थान मिळाले, आणि माझ्या मते कॅमेऱ्याची खरी गरज तेथेच आहे. वर दिलेली उदाहरणे पुन्हा पाहा. नॉर्थ चार्ल्सटनला वाटसरू होता. मिनियापोलिसला ती मुलगी होती. तुरुंगात वाटसरू नसतो. बंद्याजवळ फोन नसतो. जे काही घडते ते बंदी सांगतो किंवा रक्षक लिहितो. आणि रक्षकाचे लिहिणे दफ्तरात जाते, बंद्याचे सांगणे हवेत जाते. बाबांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते काहीसे रागावले. "सगळेच रक्षक तसे नसतात," म्हणाले. ते खरे आहे. ते तसे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण ते तसे नव्हते याला माझ्याजवळही त्यांच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, हेही मी त्यांना म्हटले. त्यावर ते काही बोलले नाहीत. नंतर चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितले की बराकीतल्या मारामारीनंतर नोंदवहीत काय लिहायचे हे पाळीवरचे सगळे जण आधी बसून ठरवत.

कॅलिफोर्नियात तुरुंगातले कॅमेरे अनुदानाने नव्हे, न्यायालयाच्या आदेशाने आले. सॅन डिएगोजवळील आर. जे. डोनोव्हन तुरुंगातील अपंग बंद्यांनी रक्षकांच्या मारहाणीच्या आणि तक्रार केल्यास सूड उगवण्याच्या कहाण्या शपथेवर सांगितल्या. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी सप्टेंबर २०२० मध्ये तेथल्या रक्षकांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२१ मध्ये तो आणखी पाच तुरुंगांना लागू केला. ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हते अशा चाकांच्या खुर्चीतल्या माणसांनी हे मिळवले. पैसा राज्याच्या तिजोरीतून गेला, साठवणीचाही.

न्यूयॉर्क राज्यात उलटे घडले. तेथे कॅमेरे होते. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री रॉबर्ट ब्रुक्स या ४३ वर्षांच्या बंद्याला दुसऱ्या तुरुंगातून मार्सी येथील तुरुंगात आणण्यात आले. तेथे दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत, हात पाठीमागे बांधलेल्या स्थितीत, रक्षकांनी त्याला मारले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. खोलीतल्या काही रक्षकांच्या अंगावर कॅमेरे होते. एकानेही बटण दाबले नव्हते. परंतु कॅमेरे बंदही केलेले नव्हते, आणि त्या प्रकारच्या यंत्रात, बटण न दाबताही, केवळ सज्ज असलेला कॅमेरा दृश्य टिपून ठेवतो, आवाज मात्र ठेवत नाही. बाल्टिमोरच्या त्या अर्ध्या मिनिटाचेच हे मोठे भावंड. मारणाऱ्यांना ते ठाऊक नसावे. कारण चित्रणात कोणी घाबरलेले दिसत नाही, लपवाछपवी दिसत नाही. काही जण मारतात, काही जण उभे राहून पाहतात.

राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी २७ डिसेंबरला हे चित्रण जसेच्या तसे प्रसिद्ध केले. शिकागोला तेरा महिने लागले होते, येथे अठरा दिवस. फेब्रुवारी २०२५ मध्ये सहा रक्षकांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, इतर काहींवर त्याहून कमी गंभीर आरोप. मे महिन्यात त्यांतल्या एकाने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. राज्यपाल कॅथी होकल यांनी सर्व तुरुंगांत भिंतीवरचे व अंगावरचे कॅमेरे लवकर लावण्यासाठी चाळीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाहीर केली. ओबामांनी २०१४ मध्ये साऱ्या देशातील पोलिसांच्या कॅमेऱ्यांसाठी मागितले होते त्याच्या पाचपटीहून हे अधिक आहे, एका राज्याच्या तुरुंगांसाठी. माझ्या निबंधात मी या रकमेसमोर लाल शाईने एक प्रश्न लिहून ठेवला होता : यातले किती यंत्रांचे आणि किती साठवणीचे? सरांनी तो खोडला नाही.

हा निबंध वाचून झाल्यावर त्या रविवारी बाबांनी ते चित्रण पाहायला मागितले. मी नको म्हटले. त्यांनी ऐकले नाही. चष्मा लावून ते फोन घेऊन ओटीवर बसले. मिनिटभराने म्हणाले, "आवाज वाढव जरा."

मी म्हटले, "बाबा, आवाज नाहीये त्याला. कुणी बटण दाबलं नव्हतं."

त्यांनी पुढचे सगळे तसेच, बिनआवाजाचे पाहिले.